उणे दोनशे त्रेपन्नचे भाऊजी

अख्ख्या वऱ्हाडात थंडीवर जीव जडलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे अकोल्याचे भाऊजी. मे महिन्यात जिथे माणसं दारं लावून कूलरपुढे आडवी होतात, त्या गावात हा गृहस्थ बनियनवर बसून उणे दोनशे त्रेपन्न अंशांच्या गप्पा मारायचा. तेवढ्या थंडीत म्हणे हायड्रोजन वायूचं पाणी, म्हणजे द्रव, होतं. ते पाणी कॉम्प्रेसरचा खडखडाट न करता, चुंबकाच्या जोरावर करून दाखवायचं, या एका वेडापायी त्यांनी कॉलेजातली उभी नोकरी आणि निवृत्तीनंतरची वर्षं घालवली. यंत्र काही झालं नाही. पुढची खोली मात्र चुंबकांनी भरली, आणि ताईचा पोळ्या उलटायचा लोखंडी सराटा हरवला की तिथेच कुठेतरी चिकटलेला सापडायचा.

फ्रिजमधलं पाणी पुढे केलं तर म्हणायचे, "हे त कढत हाय." भाचीला पाहायला मंडळी आली, तेव्हा पोहे यायच्या आत भाऊजींनी प्रत्येकाच्या हातात एकेक रबर दिलं. "ताना, अन् ओठाले लावा. गरम लागलं? आता तसंच तानून धरा, त्याची गर्मी जाऊ द्या. आता सोडा. गार लागलं का नाही? तसाच एक धातू असते. चुंबकापाशी नेला की तापते. ती गर्मी काढून घ्या, चुंबक सरकवा, की पहिल्यापेक्षा गार! असं एकेक पायरी उतरत गेलं की हायड्रोजनचं पानी!" मुलाचे वडील ओठाला रबर लावून मुकाट बसले होते. लग्न तिथेच जमलं, याचं श्रेय मी पोह्यांना देतो. ताई म्हणायची, "तुमचा हायड्रोजन थंडा होईन तवा होईन, पहिले कूलरच्या टिल्लूकडे पाहा." मग भाऊजी तो बिचारा पंप असा काही खोलायचे, की उन्हाळाभर कूलर बंद.

गेल्या मे महिन्यात ताई सकाळचा चहा घेता घेता गेली. अमरावतीहून मी पोचलो तेव्हा भाऊजी तिच्या उशाशी बसले होते. भाची जर्मनीत. फोनवर ती एकच म्हणत होती, "मामा, मी येईपर्यंत थांबा. मले आईले एकदा हात लावायचा हाय." असल्या उन्हात थांबायचं म्हणजे काचेची शीतपेटी आणणं आलं. ती आणली, ताईला तिच्यात ठेवलं. संध्याकाळी झाकण उघडून भाऊजींनी तिच्या गालाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. मला वाटलं, आता अंश सांगतील. ते म्हणाले, "पोरगी इतक्या दुरून येऊन राहिली. असा गाल तिच्या हाताले लागू द्याचा का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी जावयाचा फोन आला, नागपूर विमानतळाहून निघालेल्या त्यांच्या गाडीनं बडनेरा सोडलं होतं, म्हणजे दीड-दोन तासांचा रस्ता उरला होता. भाऊजी उठले, पेटीचं बटण बंद केलं, झाकण काढून बाजूला ठेवलं. मग कूलरही बंद केला. पेटीवाला घाबरला, "सर, एवढ्या उन्हात?" "राहू द्या," भाऊजी म्हणाले. आम्ही सगळे घामानं निथळत बसलो, पण एकानंही कूलरचं नाव काढलं नाही. भाऊजींनी तळवा ताईच्या गालावर ठेवला, तो थेट गाडी दाराशी लागेपर्यंत.

भाची धावत आत आली आणि तिनं त्याच जागी हात ठेवला. रडता रडता थांबली.

"बाबा, आई अजून कोमट हाय."

मला ताईसाठी आलं नव्हतं इतकं रडू तेव्हा आलं. दिसेल त्याला उष्णता कुठून येते, कुठे जाते हे समजावून सांगणारा तो माणूस लेकीच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "हो माय. तुयीच वाट पाहून राह्यली होती."