काकूंची मूठ

मिस्त्रींच्या गॅरेजात ब्रेकचं काम झालं की गिऱ्हाईक मिस्त्रींकडे बघत नसे, काकूंकडे बघत असे. काकू गाडीवर बसायच्या, ब्रेकचा लिव्हर दाबायच्या, डोळे अर्धे मिटायच्या आणि "बरा आहे" म्हणायच्या. तेव्हा कुठे माणूस किल्लीला हात लावायचा. "बरा" हा काकूंचा सगळ्यात मोठा शब्द. मिस्त्री म्हणत, लग्नात मला पाहूनही ही एवढंच म्हणाली होती.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मदतीचा माणूस आला नाही, म्हणून मिस्त्रींनी स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली, "जरा येऊन हे दाबून धर." काकूंनी ओले हात पदराला पुसले आणि गेल्या. पाच मिनिटांचं काम असेल असं त्यांना वाटलं होतं. त्याला आता एकतीस वर्षं झाली.

काम तसं सोपं, पण दोघांचं. ब्रेकच्या नळीतलं तेल जुनं झालं की काळं पडतं, पाणी धरतं. ते काढून नवं भरायचं. भरताना नळीत हवा शिरते आणि हवा शिरली की ब्रेक पोचट होतो, उशी दाबल्यासारखा. म्हणून एकाने वर लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली चाकापाशी छोटी घुंडी सैल करायची, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडले की घुंडी आवळायची आणि मगच वरच्याने हात सोडायचा. सोडायची घाई केली की हवा उलट आत. "दाब." "दाबला." "सोड." "सोडला." कित्येक दिवस नवराबायकोत याखेरीज दुसरं बोलणंच होत नसे, आणि त्यात कुणाचं काही अडलंही नाही.

अडलं ते पंपामुळे.

एके दिवशी एक विक्रेता बॅग घेऊन आला. बॅगेत हाताचा पंप, नळी आणि छोटी बाटली. हा पंप खालूनच तेल आणि हवा ओढून घेतो, लिव्हर दाबायला दुसरं माणूस लागत नाही, एकट्याचं काम एकट्याने होतं, असं तो रंगवून सांगत होता. काकू तिथेच पाने पुसत बसल्या होत्या. मिस्त्रींना नव्या हत्याराचा मोह आवरत नाही. ते हसत म्हणाले, "देऊन टाका एक. नाहीतरी हिचं काम काय, नुसती मूठ आवळायची."

काकूंनी हातातला पाना पुसून जागेवर ठेवला, फडकं घडी केलं आणि आत गेल्या. तेव्हापासून अबोला.

पण घर आणि गॅरेज यांच्यात एकच दार, त्यामुळे बोलल्यावाचून भागत नव्हतं. मिस्त्री गाडी उचलायच्या जॅकशी बोलायला लागले. "जॅकराव, आज चहा आहे की नाही, जरा विचारा." आतून काकू किटलीला सांगायच्या, "ज्याला हवा त्याने ओतून घ्यावा, इथे काय फक्त मूठ आवळायची माणसं राहतात." लेकी बोले सुने लागे, तसं जॅक आणि किटलीचं चाललं होतं.

नवव्या दिवशी सकाळी लेकीची गाडी आली. लेक जनावरांची डॉक्टर. डोंगरावरच्या वस्त्यांवर औषधांची पेटी घेऊन जायला तिच्याकडे चार जाड चाकांची, मोटारसायकलसारख्या हँडलची गाडी होती. पुढचे ब्रेक मऊ लागतात, तेल बदलून ठेवा, चार वाजता मला वर जायचंय, असं सांगून ती दवाखान्यात गेली. वर मेंढ्या आजारी होत्या, जाणं टाळण्यासारखं नव्हतं. आणि वस्तीवरून उतरताना एक वळण असं आहे की एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिथे मऊ ब्रेक घेऊन जायची सोय नव्हती.

मिस्त्रींनी पुढची दोन्ही चाकं काढली. चाकाच्या आतली चकती दोन बाजूंनी पकडणारे लोखंडी चिमटे असतात, कॅलिपर म्हणतात त्यांना. ते चिखलाने भरले होते, म्हणून तेही खोलून काढले. एरवी हे धुवायचं काम काकूंचं. डाव्या बाजूच्या प्रत्येक वस्तूला त्या लाल दोरा बांधत आणि बसवायला देताना मोठ्याने सांगत, "हा डावा." मिस्त्री यावर कैकदा हसले होते. आज त्यांनी दोन्ही कॅलिपर एकाच तसराळ्यात स्वतः धुतले, पुसले, बसवले. मग पंप लावला. काळं तेल बाहेर आलं, मागोमाग मधासारखं नवं तेल आलं, आणि थोड्या वेळाने नळीत एकही बुडबुडा दिसेना. मिस्त्री खूश झाले. वर येऊन त्यांनी लिव्हर दाबला, तो थेट हँडलला जाऊन टेकला.

त्यांनी पुन्हा पंप मारला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मारला तोवर तेलाची दुसरी बाटली उघडली होती. बुडबुडा एक नाही, आणि ब्रेकही नाही. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले.

काकू आत भाजी चिरत होत्या. त्यांना पंपाचा आवाज तीनदा ऐकू आला होता, आणि तीनदा का, हेही कळलं होतं. मिस्त्री दारापर्यंत येत, खाकरत, परत जात. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा प्रकार. शेवटी जॅकला सांगितलेलं ऐकू आलं, "जॅकराव, कुणी जरा हात लावून बघितला असता तर बरं झालं असतं."

उत्तर काकूंच्या जिभेवर तयार होतं. नऊ दिवस त्यांनी ते घासून लखलखीत केलं होतं. पंपालाच हात लावायला सांगा, एवढंच म्हणायचं आणि पुढची काकडी घ्यायची. पण डोळ्यांपुढे ते वळण आलं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

एक अक्षर न बोलता त्या गाडीवर बसल्या. लिव्हर दाबला. पहिला दाब रिकामा, दुसरा थोडा भरलेला, तिसऱ्याला हाताखाली काहीतरी मऊ दबलं आणि परत फुगलं. हवा होती. नळी कितीही स्वच्छ दिसो, हवा आत होती आणि वरच कुठेतरी बसली होती.

काकू खाली उतरल्या, चष्मा लावला आणि डाव्या चाकाच्या जागी उकिडव्या बसल्या. घुंडी दिसेना. एकतीस वर्षं त्या ती घुंडी वरून फडक्याने पुसत आल्या होत्या. आज ती शोधायला मान पार खाली घालावी लागली. घुंडी कॅलिपरच्या बुडाला होती. उजवीकडेही तसंच. हवा वर चढते, तेल खाली राहतं. भोकच खाली असल्यावर बाहेर फक्त तेल येणार, आणि हवा वर मालकिणीसारखी मांडी घालून बसणार. जगातला कुठलाही पंप तिला उठवू शकला नसता.

आता हे जॅकला सांगायचं की किटलीला? काकूंनी तेवढाच विचार केला.

"अहो, डावा उजवीकडे गेलाय आणि उजवा डावीकडे."

मिस्त्री खाली वाकले आणि त्यांनी दोन्ही घुंड्या बघितल्या. मग सरळ होऊन त्यांनी जॅकच्या दांड्यावर थाप मारली. "जॅकराव, ऐकलंत का? यांना बोलता येतं."

"हसा नंतर. दहाचा पाना घ्या."

दोघांनी मिळून कॅलिपर अदलाबदल केले. काकूंनी डाव्याला लाल दोरा बांधला आणि सुटू नये म्हणून दोन गाठी मारल्या. हँडलवरच्या तेलाच्या डबीतून एक थेंब टाकीच्या रंगावर पडला, तो त्यांनी लगेच ओल्या फडक्याने टिपला, कारण हे तेल रंग खातं. मिस्त्रींनी पंपाकडे पाहिलं, त्याची नळी गुंडाळली आणि तो बाजूला ठेवला. चाकापाशी बसून ते म्हणाले, "दाब."

काकू गाडीवर चढून बसल्या, पण हात मांडीवरच ठेवले.

"अगं, दाब."

"मी काय, नुसती मूठ आवळणार. पंपाला सांगा ना."

मिस्त्रींचं डोकं चाकावरच्या पत्र्याखाली होतं. तिथूनच ते म्हणाले, "चुकलं माझं. पंपाला कळत नाही, तुझ्या हाताला कळतं."

"काय? ऐकू नाही आलं."

"आलंय ऐकू."

"दाबला," काकू म्हणाल्या.

घुंडी सैल झाली आणि नळीतून माळेसारखे बुडबुडे निघाले. नऊ दिवसांचे असावेत इतके. दाब, दाबला, सोड, सोडला. डावीकडून, मग उजवीकडून. पंचवीसेक वेळा झालं तशी लिव्हरखाली जमीन लागायला लागली.

चार वाजता लेक आली. आईबाबा एकाच बाकावर बसून एकाच किटलीतला चहा पीत होते. ती क्षणभर दारातच थांबली. मग वडिलांना विचारलं, ब्रेक झाले का?

"आईला विचार," मिस्त्री म्हणाले. "मी काय, नुसता पाना फिरवतो."

काकू उठल्या. गाडीवर बसून त्यांनी लिव्हर दाबला, डोळे अर्धे मिटले आणि नेहमीपेक्षा बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या.

लेकीने बाबांकडे पाहिलं. बाबा कपात बघत होते.

दिवस मावळायच्या आत ती परत आली. त्या वळणावर एक मेंढी मध्येच येऊन उभी राहिली होती, आणि गाडी दोन हात अलीकडे गप्प थांबली, असं तिने हात धुता धुता सांगितलं. मेंढी मात्र हलायला तयार नव्हती. तिला कुणीतरी अबोला शिकवला असावा, ती म्हणाली. काकूंनी तिच्या पाठीत धपाटा घातला.

पंप अजून आहे. मोरीचं पाणी तुंबलं की काकू तो वापरतात. त्याला एकट्याचं काम एकट्याने करता येतं, याबद्दल त्यांची काही तक्रार नाही.