उजनीच्या पाण्यातली पेरूची बाग

माझे चुलते, म्हणजे आमचे तात्या, पिकवतात तो पेरू इतका दांडगा की आम्ही एकेका फळाला कुबडी देतो. खोटं वाटत असेल तर पळसदेवला या. कुबड्या दाखवतो, पेरू तोवर विकलेले असतील.

पण सातबाऱ्यावर ही बाग नव्हतीच. तिथं आजोबांच्या काळापासून ऊस. तात्यांनी रानातला ऊस मोडून पेरू लावला, पण कागदावरचा ऊस तोडायला कुठल्याच कारखान्याची टोळी आली नाही. सातबाऱ्यावर पेरू नाही म्हणून ठिबकचं अनुदान नाही, आणि ठिबक नाही म्हणून तात्या पाटानं पाणी देऊन देऊन वाकलेले. यंदा मात्र नियम सुधारला. पीक नोंदवायला तलाठ्यामागं फिरायचं नाही. शेतकऱ्यानं आपल्याच रानात उभं राहून मोबाईलमधल्या सरकारी ॲपवर पिकासह फोटो काढायचा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही बागेत गेलो. त्याआधी जाणं आमच्यात अपशकुन मानतात.

ॲप म्हणालं, ‘तुम्ही तुमच्या शेतात नाही.’

“मग काय पाव्हणा आलोय व्हय हितं?” तात्या मोबाईलवर खेकसले.

ॲपनं बाण दाखवला. बाणामागं बांध ओलांडला, शेजाऱ्याचा मका तुडवला आणि थेट पाण्याला भिडलो. बाण अजून पुढंच! नकाशानं आमचं रान उजनी धरणाच्या पाण्यात नेऊन ठेवलेलं. उन्हाळ्यात तिथलं जुनं देऊळ वर येतं, तशी आमची बागही येत असेल असं त्याला वाटलं असावं.

काठावर एक मासेमार जाळं विणत होता.

“तात्या, बाग कवा बुडाली?”

“बुडाली न्हाय, सरकारनं हलवली. नाव काढ.”

“एक पाटी पेरू पडतील.”

पीकही फोटोत हवं, म्हणून दारातलं डब्यातलं कलम नावेत घेतलं. त्याला एकच पेरू होता, पण नाव त्या अंगाला कलंडली. तोल सावरायला मला दुसऱ्या टोकाला बसवलं. ऐन पाण्यात ॲपनं हिरवी खूण दिली. कलम कवटाळून तात्या नवरदेवासारखे उभे राहिले. फोटो गेला.

आठवड्यानं कृषी खात्याचे साहेब पाहणीला आले. बागेत फिरले, तीन पेरू खाल्ले. म्हणाले, “बाग उत्तम आहे.” मग त्यांनी स्वतःचा मोबाईल काढला आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनाही फोटो त्याच जागेवरून लागणार होता.

“सायेब,” तात्यांनी हळूच विचारलं, “पवायला येतंय न्हवं?”

कमरेला ट्रॅक्टरची ट्यूब अडकवून साहेब नावेत त्याच कलमाशेजारी बसले. मधोमध पोचल्यावर डोळे मिटूनच त्यांनी बटण दाबलं.

“मंजूर.”

तात्यांनी आनंदानं अशी उडी मारली, की साहेबांनी घाबरून कलमाला मिठी घातली. तशीच मिठी घालून म्हणाले, “फक्त ठिबक अंथरल्यावर अजून एक फोटो लागेल. ह्याच ठिकाणी.”

तात्यांनी चहूकडचं पाणी न्याहाळलं.

“अंथरतो की. आन नकाशा दुरुस्त करायचा झाला तर?”

“अर्ज करा. सोबत जागेवरचा फोटो जोडा.”

मासेमारानं वल्हं थांबवलं.

“तात्या,” तो म्हणाला, “आता वर्साचंच ठरवून टाकू. म्हैन्याला दोन पाट्या.”