कॉलेजचे कपडे

माझी लेक हल्ली "कॉलेजला चाललेय" म्हणते तेव्हा ती नेमकी कुठे चाललीय, हे विचारायचं मी सोडून दिलंय. कॅफे, मैत्रिणीचं घर, फाटकासमोरचा कट्टा, तिच्या लेखी सगळं कॉलेजच.

आमच्या घरात हा शब्द इतका स्वस्त नव्हता. घाटकोपरला टेकडीच्या उतारावर आमची वस्ती, आणि तिथे कॉलेज म्हणजे रंगीत कपडे. शाळेतली मुलगी रोज त्याच गणवेशात उतरायची, कॉलेजातली रोज वेगळ्या ड्रेसमध्ये. नळावरच्या बायका तेवढ्यावरून कोण कुठवर शिकलं ते सांगायच्या.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. दहावीला चांगले मार्क होते तिला, पण त्याच वर्षी आईच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि ताई कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. माझी दहावी झाल्यावर मात्र तिने तीन ड्रेस शिवले, घरी, रविवारी, कुणाला हात लावू न देता. आई विहारात सांगत सुटली, "धाकटी कॉलेजला चालली."

घोटाळा पुढेच झाला. मला अकरावीला प्रवेश मिळाला तो मुलुंडच्या एका शाळेत, तिसऱ्या मजल्यावर. खाली पोरं पाढे म्हणायची आणि वर आम्ही कॉलेजकुमारी. पहिल्याच दिवशी फळ्यावर नोटीस: गणवेश सक्तीचा. पांढरा कुडता, राखाडी सलवार, राखाडी ओढणी. माझ्या आधीच्या शाळेच्या गणवेशाचा रंग याहून बरा होता.

ताईला हे सांगायला माझी जीभच रेटेना. तिने स्वतःचं कॉलेज त्या तीन ड्रेसमध्ये शिवलं होतं, हे न कळण्याएवढी मी लहान नव्हते. मुलुंडच्या अलीकडच्या स्टेशनला, नाहूरला, राहणाऱ्या वर्गातल्या एका मैत्रिणीची बहीण आमच्याच कॉलेजातून बारावी झाली होती. तिचा जुना गणवेश मी मागून घेतला. रोज सकाळी ताईचा ड्रेस घालून घरातून निघायचं, नाहूरला मैत्रिणीकडे बदलायचं, येताना पुन्हा तेच. तिच्या आईने मला पोह्यांसकट दत्तकच घेतलं होतं.

संध्याकाळी ताई विचारायची, "काय म्हणाल्या गं मुली?"

"गळा कुठे शिवलास विचारत होत्या."

तिचा चेहरा असा फुलायचा की दुसऱ्या दिवशी मी आणखी मोठी थाप मारायचे. फार हलकट वाटायचं मला.

दिवाळीच्या आधी एकदा तिचा कारखाना दुपारीच सुटला. आमची घंटा झाली, मी लहान पोरांच्या घोळक्यातून बाहेर आले, तर फाटकावर ताई. "कॉलेज बघायला आले," म्हणाली, आणि मग माझ्या कपड्यांकडे तिचं लक्ष गेलं. तिने वरचा फलक वाचला.

"ही शाळा आहे ना गं?"

"वर कॉलेज आहे. अकरावी-बारावी."

"आणि माझे ड्रेस?"

"रोज घालते. नाहूरपर्यंत."

मला रडू फुटलं. ताई तशी तापट, आता चारचौघांत आपली वाट लागणार, असं मी धरूनच चालले होते. तिने माझ्या खांद्यावरचा कुडता चिमटीत धरला.

"केवढा ढगळ आहे. कुणाचा आहे हा?"

मी सगळं सांगितलं. परत येताना लोकलमध्ये ती घाटकोपर येईस्तोवर खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर म्हणाली, "काढू नकोस तो. उभी राहा नीट." मी गणवेशातच खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि ती टाचण्या लावत माझ्याभोवती फिरू लागली. आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. "हे काय? परत शाळा?"

ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या हातावर काढून घेत ती म्हणाली, "कॉलेजच आहे, आई. कॉलेजात आता असंच असतं."