धवलारिणीनं घेतलेलं नाव

शेलार गावच्या हौसाबायला निशाचं सगळंच खुपायचं. निशाचा गळा, निशाचा मोबाइल, आणि निशाला येणारी बोलावणी तर विचारूच नका. दोघी धवलारिणी, म्हणजे मांडवात धवले गाऊन लग्न लावणाऱ्या बायका. तीस वर्षं हा मान एकट्या हौसाचा. मग पूर्णा गावची निशा उभी राहिली आणि दोन वर्षांत गोदामवाल्या श्रीमंतांच्या घरची सगळी लग्नं तिनं पळवली. "गला कसला, पत्रा वाजतो नुसता," असं म्हणून हौसा नाक मुरडायची. घरी मात्र निशाचीच चाल गुणगुणायची आणि स्वतःवरच चिडायची.

२००६ साली निशाच्या भाविकाचं लग्न ठरलं. लेकीच्या मांडवात आईनं गायचं नसतं, म्हणून निशा स्वतः हौसाकडे आली. "हौसाबाय, तुमच्याबिगर कोन गानार?" हौसाला बरं वाटायला हवं होतं. तिला दिसल्या फक्त निशाच्या हातातल्या नव्या बांगड्या.

आता, भाविका काही निशाच्या पोटची नव्हती. निशाच्या धाकट्या बहिणीला लग्नाआधी झालेली ती पोर. बहीण बाळंतपणातच गेली, तेव्हा उशाशी एकटी हौसा बसली होती. बाप कशेळीचा काळूराम, बायकापोरांचा माणूस. निशानं आणि तिच्या नवऱ्यानं, रामनाथनं, पोर पदरात घेतली आणि हौसाकडून शपथ घेतली. भाविकालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. वीस वर्षं हौसानं तोंड उघडलं नाही, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं.

लग्नात कर्णा लावलेला, व्हिडिओवाला समोर उभा. धवल्यात नवरीच्या बापाचं नाव घ्यावंच लागतं. रामनाथ म्हणायचं, एवढंच काम. तेवढ्यात पुढ्यातली एक बाई शेजारणीला म्हणाली, "निशा गायली असती तर मजा आली असती."

झालं! हौसाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं सूर चढवला आणि गायली, 'कशेळीच्या काळूरामाची लेक, बहिणीची पोर निशानं वाढवली.'

सगळ्या माना नवरदेवाकडे वळल्या. नवरदेव देवेश शहाणा निघाला. "मी भाविकाशी लगीन करतोय," म्हणाला, आणि लग्न लागलं. पण लग्नाच्या सीडीतून ते नाव घरोघर पोचलं.

निशाचा भाऊ केसरीनाथ चौकीत गेला. हवालदारानं विचारलं, "बाई खोटं बोलली काय?"

"न्हाय."

"मग गुन्हा कसला?"

वकील म्हणाला, खरं असलं तरी गुन्हा होतो. कुणाची खाजगी गोष्ट चव्हाट्यावर आणून अब्रू घालवायची मुभा कुणालाच नाही. पण केस केली तर तेच नाव कोर्टात दहादा घ्यावं लागेल. निशानं हात जोडले, नको म्हणाली.

"पोलिसांनी पन मानलं, मी खरं तेच गायले," असं हौसा गावभर सांगत सुटली.

महिन्यानं भाविका दारात आली. हौसा शिव्या खायच्या तयारीनं बसली. पोरीनं विचारलं, "मावशी, मला जन्म दिला ती कशी होती? शेवटी काय बोलली?"

"आयसला इचार ना."

"विचारलं की आई, तुम्ही उशाशी होतात एवढंच सांगते आणि रडते. मी इथे आले हे तिला कळू देऊ नका. तिला वाटेल, मला दुसरी आई हवी आहे."

एवढं सगळं करून पोर निशाचीच राहिली होती. हौसाला तेव्हाही निशाचा हेवाच वाटला, आणि त्याची लाजही वाटली.

"आयसला न्हाय सांगनार," ती म्हणाली.

"तुमचा भरवसा नाही, मावशी," भाविका म्हणाली. "पण ती गेली तेव्हा तुमच्याशिवाय तिथे दुसरं कुणी नव्हतं."