नेट गेलं की फोन येतो

माझ्या धंद्यात लोक मला एकच वाक्य ऐकवतात, 'कालपर्यंत तर चालू होतं.' कॉम्प्युटर असो, प्रिंटर असो, नाहीतर वायफाय. जसं काही काल मीच येऊन ते बिघडवून गेलोय. सोलापुरात नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी दुकानात बसून कॉम्प्युटर उघडायचे. आता घरोघरी जाऊन राउटर आणि कॅमेरे बसवायचं कामच जास्त. मी चिडका आहे असं बायको म्हणते. तिनं मे महिन्यात सोलापुरात दुपारी शिडी चढून बघावी, मग आपण बोलू.

त्या मावशींच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो त्यांच्या मुलाच्या सांगण्यावरून. मुलगा पुण्यात कंपनीत. वडील जाऊन काही वर्षं झालेली, आई जुळे सोलापूर भागातल्या बैठ्या घरात एकटी. मोरीत पाय घसरून पडल्या आणि बराच वेळ तिथंच पडून राहिल्या. हात मोडला नाही हे नशीब, पण मुलगा हादरला. त्यानं मला फोनवर सांगितलं, "घरात नेट घ्या, राउटर बसवा आणि हॉलमध्ये एक कॅमेरा लावा. मला अव्वा दिसली पाहिजे." ही मंडळी मूळची दुधनीकडची, घरात कानडी बोलणारी, आईला अव्वा म्हणणारी.

मी सगळं बसवलं. कॅमेरा असा लावला की हॉल, स्वयंपाकघराचं दार आणि मोरीकडं जायची वाट, सगळं एका नजरेत यावं. मुलाच्या फोनवर चित्र आल्यावर त्यानं मला दोनदा धन्यवाद दिले. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो.

मावशी खाली उभ्या राहून बघत होत्या. "आता त्येला मी दिसते व्हय?"

"दिसता की. चोवीस तास."

त्यांनी पदर सारखा केला आणि मला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खायला लावली. शिडीवरच्या माणसाला पाणी विचारणारी घरं कमी, जेवायला घालणारं हे एकच.

महिन्याभरात त्या घरातलं नेट बंद पडायला लागलं. मुलाचा पुण्याहून फोन यायचा, "कॅमेरा ऑफलाइन दाखवतोय, जरा जाऊन या ना." मी जायचो. मी पोचेपर्यंत सगळं चालू झालेलं असायचं. केबल बदलली, राउटर बदलला, बाहेरची लाइन खांबापर्यंत तपासली. बिघाड सापडेना. दुरुस्तीवाल्याला न सापडणारा बिघाड म्हणजे डोक्याला शॉटच. मी केबलवाल्याशीही विनाकारण भांडून घेतलं.

मग एकदा मी लवकर पोचलो. राउटर बंदच होता. त्याची पिन बोर्डातून काढून, वायरची नीट गुंडाळी करून, टीव्हीच्या शेजारी ठेवलेली. पिन सैल होऊन पडते हे मला ठाऊक आहे. पडल्यावर ती स्वतःची घडी घालून ठेवत नाही.

"मावशी, हे काय?"

त्या जरा लाजल्या, चोरी पकडल्यासारख्या. मग म्हणाल्या, "नेट गेलं की त्येचा फोन येतो."

मी वायरची गुंडाळी हातात घेतली. त्याच सांगायला लागल्या. कॅमेरा नव्हता तेव्हा तो रोज संध्याकाळी फोन करायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, आज पाणी आलं का. कॅमेरा आल्यापासून त्याला सगळं दिसायचंच. जेवताना दिसायची, गोळी घेताना दिसायची, मग विचारायचं काय? फोन आधी दोन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग कधीतरी. आणि नेट गेलं की मात्र लगेच. "अव्वा, बरी आहेस ना?"

"तुमी त्येला सांगू नका," त्या म्हणाल्या. "उगं काळजी करतंय पोरगं."

मी सांगितलं नाही. उलट तो विचारायचा तेव्हा मी लूज कनेक्शनपासून उंदरांपर्यंत सगळ्यांवर खापर फोडलं. सोलापुरातल्या उंदरांनी त्या काळात जेवढ्या वायरी खाल्ल्या तेवढं त्यांनी धान्यही खाल्लं नसेल. मला त्यात मजा वाटायची. नेट ठीक करायचे पैसे घेणारा मी, ते बंद पाडणाऱ्या म्हातारीच्या कटात सामील होतो.

ही मजा एका पाण्याच्या दिवशी संपली. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की घरातली माणसं बाकी सगळं विसरतात. त्या दिवशी मावशींनी पिन काढली आणि तेवढ्यात पाणी आलं. त्या मागच्या अंगणात मोटार लावून पिंपं भरत बसल्या. फोन हॉलमध्ये वाजतोय, मोटारीच्या आवाजात त्यांना ऐकू येतंय कुठलं. मुलानं किती वेळा फोन लावला देव जाणे. शेवटी मला केला. मी शटर अर्धं ओढून गाडी काढली. दार वाजवून उघडेना, म्हणून बोळातून मागं गेलो, तर या साडी वर खोचून ओल्या पायांनी उभ्या. मी माझा फोन त्यांच्या कानाला लावला.

मला त्याचे शब्द ऐकू आले नाहीत, पण तो रडत होता हे कळत होतं. मोठा बाप्या माणूस, कंपनीत हाताखाली माणसं असलेला, आणि हमसून रडत होता. मावशी कानडीत सारखं एकच काहीतरी म्हणत राहिल्या, लहान पोराला थोपटताना म्हणतात तसं.

त्यानंतर त्यांनी पिन कधीही काढली नाही. नेट एकदम उत्तम चालू राहिलं. मुलगा खूश झाला, मला म्हणाला, "शेवटी सापडला ना तुम्हाला फॉल्ट." मी हो म्हटलं. फोन पुन्हा आटले.

पुढं एकदा कॅमेऱ्याचा अडॅप्टर जळाला म्हणून मी गेलो. तो बदलून शिडीवरून उतरतोय तर मावशींनी विचारलं, "ह्येला ऐकू बी येतं का?"

"येतं की. आत माइक आहे." कॅमेऱ्यातून उलट बोलताही येतं. सुरुवातीला मुलानं एकदा तसं करून बघितलं होतं. रिकाम्या हॉलमध्ये अचानक 'अव्वा' असा आवाज घुमल्यावर यांच्या हातातला तवा पडला होता. तेव्हापासून त्यानं तो नाद सोडला.

"म्हंजे मी बोलले तर त्येला कळतं."

"कळतं," मी म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं.

मग त्या बोलायला लागल्या. मी जवळपास काम असलं की डोकावायचो, तेव्हा बघितलंय. जेवण झालं की खुर्ची ओढून कॅमेऱ्याखाली बसायच्या, मान वर करून. कानडी, मराठी, जे तोंडाला येईल ते. आज पाणी आलं. शेजारणीची सून बाळंत झाली. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा दोन दिवस जास्त रजा काढ. मी दारात उभा राहून ऐकायचो आणि मला हसू यायचं, आणि हसू आल्यावर स्वतःचाच राग यायचा. मी फोनवर मुलाला सहज विचारलं, "अव्वा बोलतात ते ऐकता ना?" तो म्हणाला, "बोलते का? ऑफिसात असतो हो मी, आवाज बंदच ठेवलेला असतो. दिसली की बरं वाटतं." मी म्हटलं, एकदा आवाज चालू करून बघा. तो "हो, हो" म्हणाला. बिझी माणसाचं हो, हो.

मावशी झोपेतच गेल्या. सकाळी हॉलमध्ये दिसल्या नाहीत हे मुलानंच पुण्यातून बघितलं आणि शेजाऱ्यांना उठवलं. म्हणजे कॅमेऱ्यानं त्याचं काम केलं. कुणाला बोल लावायला जागा नव्हती.

दिवसकार्य उरकल्यावर मुलानं मला बोलावलं. घर बंद करायचं होतं. कॅमेरा काढायचा, राउटर काढायचा. हॉलमध्ये सतरंज्यांची चळत होती, भाड्यानं आणलेल्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या. तो खाली मान घालून म्हणाला, "कॅमेऱ्यात कार्ड असतं ना? त्यात तिचं बोलणं असेल. तुम्ही म्हणाला होता ती बोलते म्हणून."

मी कार्ड काढून तिथंच लॅपटॉपला लावलं. आतला हिशेब मला माहीत होता, पण आशा कुणाला सुटते. हा कॅमेरा समोर काही हललं की रेकॉर्डिंग करतो, आणि कार्ड भरलं की सगळ्यात जुनं पुसून त्या जागी नवं लिहितो. एकटी बाई घरात असताना तेच कार्ड कितीतरी दिवस पुरायचं. पण त्या गेल्यापासून घर माणसांनी भरून गेलेलं. दुधनीचे, मंद्रूपचे, अक्कलकोटचे पाहुणे. कुणी चहा देतंय, कुणी सतरंजी झटकतंय, पोरं पळतायत. मी एकेक फाइल उघडत गेलो. आत सगळी भेटायला आलेली माणसं होती. त्यांच्या येण्याजाण्यानं मावशी पुसून गेल्या होत्या. एकही फाइल उरली नव्हती. मी कार्ड दुकानात नेऊन पुसलेलं परत आणायचे माझ्याकडचे सगळे उपाय दोन दिवस केले. काही निघालं नाही. पुन्हा त्या घरी जाऊन हे सांगताना मला फार जड गेलं.

तो म्हणाला, "तुम्ही ऐकलंय ना तिला? काय बोलायची?"

"आधी 'ऊटा आतेन?' म्हणायच्या," मी म्हणालो. म्हणजे, जेवण झालं का. त्याला अर्थ सांगायची गरज नव्हती. "मग थांबायच्या जरा. उत्तराला लागेल तेवढं. आणि मग सांगायच्या, माझं पन झालं."

मला त्याच्याकडं बघवेना, म्हणून मी शिडी लावली, कॅमेरा खाली घेतला, राउटरची पिन काढली आणि वायर गुंडाळत बसलो. थोड्या वेळानं त्याच्या हातातला फोन थरथरला. कॅमेरा ऑफलाइन, असा तोच नेहमीचा मेसेज. त्यानं स्क्रीनकडं बघितलं, अंगठा सवयीनं फिरला, आणि फोन कानाला गेला.

आतल्या खोलीत मावशींचा फोन वाजायला लागला. कुणातरी पाहुण्यानं तो चार्जिंगला लावून ठेवला होता. मुलगा फोन कानाला धरून बसून राहिला, आणि बेल पूर्ण वाजून थांबेपर्यंत त्यानं तो खाली घेतला नाही.