कवळीचा पेशंट

त्या रविवारी मी बाबांची कवळी धुवायला घेतली. कवळीच्या कडेवर कानशीच्या रेघा होत्या. मी बाबांना तोंड उघडायला सांगितलं. त्यानंतर चौदा महिन्यांनी बाबा गेले.

कवळी मीच बनवलेली होती. त्या रविवारी माझं बीडीएस आणि इंटर्नशिप होऊन वर्ष उलटलं होतं. चिपळूणच्या एका दवाखान्यात मी मदतनीस डॉक्टर होते आणि एमडीएसच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करत होते. दंतवैद्यकात एमडीएसच्या नऊ शाखा आहेत. त्यांतली माझी कोणती, हे ठरलेलं होतं: प्रोस्थोडोंटिक्स, म्हणजे कवळ्या, कॅप, कृत्रिम दात. त्या रविवारनंतर ते ठरलेलं राहिलं नाही.

बाबा कोयना प्रकल्पाच्या वर्कशॉपात फिटर होते. अलोऱ्याच्या वसाहतीत मी वाढले. निवृत्तीनंतर त्यांनी तिथून दहा मिनिटांच्या वाटेवर, आमच्या वाडीत, दोन खोल्या बांधल्या. वाडीतली पहिली डॉक्टर मी. मी दातांची डॉक्टर आहे, तापाची नाही, हे बाबा सुरुवातीला सगळ्यांना समजावून सांगत. पुढे त्यांनी ते सोडलं आणि ताप आलेल्यालाही माझ्याकडे पाठवू लागले.

नऊ शाखांचं त्यांना फार कौतुक होतं. दुसऱ्या वर्षाला असताना एकदा मी त्या त्यांना ओळीने सांगितल्या. त्यांनी लगेच त्या वर्कशॉपात बसवल्या.

"वाकडे दात तारेनं ओढणारा, तो वायरमन. दाढ काढणारा लोहार. तुझा तो मुळात भोक पाडून भरणारा, तो वेल्डर. नि कवळीवाला?"

"फिटर," मी म्हटलं.

"मग तीच घे. आणि हे ओरल मेडिसिन म्हणजे काय?"

"तोंड तपासायचं, एक्स-रे बघायचे, रोग ओळखायचा."

"म्हणजे इन्स्पेक्शन!" बाबांनी तोंड वाकडं केलं. "हातात टॉर्च नि आरसा. स्वतः काय करायचा नाय नि दुसऱ्याच्या कामात खोट काढायची. आमच्याकडं त्यांना कोण चहा पण विचारत नसे."

बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला कवळीची प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि आमच्याकडे तिला लागणारा पेशंट विद्यार्थ्यानेच शोधून आणायचा असे. एकही दात नको, जबडा बरा हवा आणि पुन्हा पुन्हा यायची तयारी हवी. असा माणूस मिळाला की तो जपायचा. माझ्या वर्गातल्या केळशीच्या एका मुलीने आपल्या आजीचे भाऊ आणले होते. ते पाणी प्यायला गेले तरी ती मागोमाग जायची, कारण दुसरं कोणी त्यांना गोड बोलून आपल्या खुर्चीत बसवील अशी तिला धास्ती होती.

मला शोधावं लागलं नाही. तंबाखूची मिश्री आणि पायरिया यांनी बाबांचे दात हलले होते. मी तिसऱ्या वर्षाला असताना उरलेले चार काढावे लागले. कवळी चिपळूणात महिन्याभरात झाली असती. बाबांनी ती करून घेतली नाही. नऊ महिने ते पेज आणि आमटीत कुस्करलेली भाकरी खात राहिले.

"लग्नात मटण वाढलं तर हे रस्सा पितात," आई सांगायची. "लोक मला विचारतात, घरात मिळत नाय काय यांना."

"तोंड रिझर्व हाय," बाबा म्हणायचे. "परीक्षेसाठी."

परीक्षेच्या आधी आम्ही पेशंटना पढवत असू. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण एका वर्षाची मुलं दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सांगतात. परीक्षक विचारतील, कुठे टोचतंय का, दुखतंय का. नाही म्हणायचं. पेशंट हो म्हणाला की मार्क जातात. बाबांना मी हे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा त्यांच्याकडून वदवून घेतलं.

"काय आजोबा, कुठे लागतंय?" परीक्षकांनी विचारलं.

"नाय साहेब. एकदम फिट. मी फिटरच हाय."

सगळे हसले. मला चांगले मार्क मिळाले. विभागातल्या मॅडम म्हणाल्या, "तुझा हात प्रोस्थोचा आहे." परीक्षेतली कवळी मेणावरची होती; इंटर्नशिपमध्ये मी ती पक्की करून दिली आणि बाबांनी वर्कशॉपातल्या जुन्या मित्रांना घरी बोलावून त्यांच्यासमोर चणे खाऊन दाखवले.

पुढे मी घरी आले की विचारायचे, "लागत नाही ना, बाबा?" आता लिहिताना दिसतं, की या प्रश्नात उत्तर मीच घालून ठेवलं होतं. ते म्हणायचे, "नाय गो, बाय."

कवळी ते स्वतः धुवत. मला हात लावू देत नसत. त्या रविवारी त्यांना ताप होता आणि कवळी वाटीतच राहिली, म्हणून मी ती घेतली. रेघा इतक्या सफाईने पॉलिश पेपरने उतरवल्या होत्या, की ओल्या कवळीवर त्या दिसल्या नसत्या. मी पुसली तेव्हा दिसल्या. खालच्या कवळीची डावी कड मी बनवली होती त्याच्या निम्मी राहिली होती.

बाबांच्या गालाच्या आणि हिरडीच्या मधल्या खाचेत जखम होती. तिची कड मी बोटाने दाबून पाहिली. ती कडक होती.

"कधीपासून?"

"लावणीच्या टायमाला जरा लागत होता. घासून घेतला, मग बरा वाटला. मग परत."

आता शिमगा आला होता, म्हणजे आठ महिने उलटले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"अगो, तूच सांगितलंस ना, नाय म्हणायचा." ते चिडून बोलले नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं, की आपण शब्द पाळला.

दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम तपासायलाच हवी, हे वाक्य मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तपासणीत कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा आजार मिश्रीचा आहे, कवळीचा नाही. कवळी फक्त त्यावर बसली होती. मला ते पटलं. आजही पटतं. पण त्यानंतर दवाखान्यात कवळीचं माप घ्यायची वेळ आली की मी ते काम दुसऱ्या डॉक्टरांकडे सरकवायचे, आणि सहा महिन्यांत त्यांनी मला त्याचं कारण विचारणंही सोडलं.

त्या वर्षीची प्रवेशपरीक्षा बुडाली. पुढच्या वर्षी मी ती बाबांच्या खाटेशेजारी अभ्यास करून दिली. रँक बरी आली. त्या रँकवर प्रोस्थो मिळणार होतं. पसंतीक्रम भरायच्या दहा दिवस आधी बाबा गेले.

मला दोनच गोष्टी ठरवायच्या होत्या. हे काम मी पुढे करू शकेन का, आणि करणार असेन तर नऊपैकी कोणतं. मुदत ठरलेली होती.

मी मॅडमना फोन करून म्हटलं, ओरल मेडिसिन पहिल्या क्रमांकावर टाकते.

"का?" त्यांनी विचारलं.

मी बाबांच्या जखमेचं सांगितलं.

"प्रायश्चित्त म्हणून शाखा घेऊ नकोस. प्रायश्चित्त वर्षभरात संपतं. पुढची तीस वर्षं काम करायचं असतं. तुला ते आवडतं का, एवढं बघ आणि मग भर."

त्यांचा राग आला. पण प्रश्न बरोबर होता.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वाडी जमली होती. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि बायका मागच्या पडवीत बसल्या. कोणीतरी मिश्रीची डबी काढली. ती हातोहात फिरताना मी पाहत होते. मग आत जाऊन हातमोजे आणि आरसा घेऊन आले.

"एकेकीनं तोंड उघडा," मी म्हटलं.

"हिला बापाच्या कार्याला पण तोंडंच दिसतात," एक आजी म्हणाल्या. "माझ्यात दात नायत. काय दाखवू?"

"दात नकोच आहेत मला."

"मग कसली गो दातांची डॉक्टर!"

पडवी हसली. आईसुद्धा हसली, त्या दिवसांत पहिल्यांदा. आणि पहिली तीच पुढे येऊन बसली.

सहाजणींना मी विचारलं, काही त्रास आहे का. सहाहीजणी नाही म्हणाल्या. त्यांना कोणी पढवलं नव्हतं. डॉक्टर असो, सून असो, या प्रश्नाला त्यांचं उत्तर हेच असतं. शेजारच्या काकींच्या गालात, आतल्या बाजूला, नखाएवढा पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लाल ठिपके.

"काकी, हे दुखतं?"

"नाय."

मी आरसा काढला. प्रश्न बदलला.

"आमटीत तिखट किती घालता?"

"आता घालीतच नाय. झोंबता. पोरं बोंबलतात, आजारी माणसाचा जेवण करतेस म्हणून."

"कधीपासून घालत नाही?"

"झाली की दोन वर्सा."

काकींना मी त्याच आठवड्यात तपासणीला घेऊन गेले. तुकडा काढून पाठवला. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवरचा चट्टा होता. तो काढला आणि काकींनी मिश्री सोडली, निदान मला तसं सांगितलं.

त्या दुपारी पडवीत, त्या चट्ट्याकडे पाहताना, बाबा किती तरी मिनिटं माझ्या मनात नव्हते. लाल ठिपके किती, कड कशी, बोटाखाली मऊ की कडक, एवढंच होतं. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

पसंतीक्रम मी स्वयंपाकघरात बसून मोबाइलवर भरला. आई तांदूळ निवडत होती.

"कवळ्यांचं नाय घेत?"

"नाही. तपासायचं घेतेय."

"त्यांना इन्स्पेक्शनवाले आवडायचे नायत, हां."

"माहितेय."

"त्यात दवाखाना चालतो काय?"

"कमी चालतो."

आईने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मग काय बघत बसलीयस? भर."

आता मी ओरल मेडिसिनमध्ये एमडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आई अलोऱ्याला एकटी राहते. तिने मिश्री कमी केली आहे, सोडलेली नाही. दर महिन्याला मी एका रविवारी घरी जाते आणि पडवीत बसून जो येईल त्याचं तोंड तपासते. गेल्या खेपेला पंधराजण आले. प्रबंधाचं एक प्रकरण लिहायचं राहिलं आहे.