मागच्या ब्रेकची पिन

त्या गल्लीत त्याला सगळे फिटर म्हणत. आईनं ठेवलेलं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडाला आणि त्याबरोबर नावही गेलं. दुकान तरी केवढं, एक शटर, पाने-पकडी टांगलेल्या दोन फळ्या, तेल पिऊन काळी झालेली फरशी आणि दाराशी एक बाकडं. त्या बाकड्यावर कायम कुणीतरी ताटकळत बसलेलं असे. कारण फिटर कुणाला ‘उद्या या’ म्हणत नसे. आज गाडी घेतली तर आजच द्यायची, जमणार नसेल तर घ्यायचीच नाही. वर देण्याआधी ती पुन्हा स्टँडवर चढवून, हातात बॅटरी धरून एकेक नट आणि एकेक पिन बोटानं चाचपून बघायची.

“अहो फिटर, द्या की आता! तिची नाडी काय बघत बसलाय?” शेजारचा शिंपी बाकड्यावरून ओरडायचा.

“बसा हो. घरी कोण डोळे लावून बसलंय तुमच्यासाठी?” फिटर म्हणायचा, आणि अख्खं बाकडं हसायचं.

ही सवय त्याला बावीस वर्षांपूर्वी लागली. का लागली, ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. रोज सकाळी देवापुढे हात जोडायचा, तिथंही ते ओठांवर आणायचा नाही. देवाला ठाऊकच आहे, परत काय उगाळायचं, असं त्याला वाटे.

झालं होतं ते असं. त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे त्याचे भावजी, यांच्याकडे एक मोटरसायकल होती. एका सिलिंडरची, म्हशीसारखी जड, पुढचा ब्रेक नावापुरता, आणि त्या काळीही जुनीच. एकदा मागचा ब्रेक लागेना म्हणून त्यांनी ती फिटरकडे आणली. फिटरनं ब्रेक खोलून साफ केला आणि परत जोडायला घेतला. त्या गाडीत पायाच्या पेडलपासून मागच्या चाकापर्यंत एक लांब सळई जाते. पेडलला ती एका आडव्या पिनेनं जोडतात, आणि ती पिन सटकू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकातून दोन पायांची बारीक स्प्लिट पिन ओवून तिचे पाय मागे वळवतात. नखाएवढी वस्तू. नेमकी ती डब्यात नव्हती. फिटरनं तिच्या जागी वायरचा तुकडा ओवून पिळला.

“आजच्यापुरती गाडी न्या भावजी. उद्या या, पिन घालून देतो.”

भावजी दुसऱ्या दिवशी आले नाहीत. चार दिवसांनी आले. गाडी स्टँडवर घेतली होती, चेन ताणली होती, हे फिटरला लख्ख आठवत होतं. पिन घातली की नुसत्याच गप्पा छाटल्या, ते काही केल्या आठवत नव्हतं. त्यानंतर आठवड्याभरात नदीकडच्या उतारावर, उभ्या असलेल्या ट्रकच्या मागे भावजी जाऊन आदळले. जागच्या जागी गेले. पोलिसांनी कागदावर ‘भरधाव वेग’ असं लिहिलं. लोक म्हणाले, जुनी गाडी, उतार, आणि वेळ आली होती.

ताईनं ती गाडी घरामागच्या खोलीत ठेवून वर ताडपत्री टाकली आणि कुलूप घातलं. भाची तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्या शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून फिटरची सही, तिच्या तापात दवाखान्याच्या बाकावर फिटर, तिच्या निकालाच्या दिवशी फाटकाशी फिटरच. दर रविवारी तो ताईकडे जेवायला असे आणि मागच्या खोलीकडे पाठ येईल अशाच खुर्चीवर बसे. कुलूप उघडून बघायची त्याची कधी छाती झाली नाही. मनातल्या मनात त्यानं ती पिन इतक्यांदा घातली होती आणि इतक्यांदा विसरली होती की खरं काय, हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं होतं.

भाची आता पंचविशीची होती, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. एका रविवारी तिनं त्या कुलपाची किल्ली त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

“मामा, बाबांची गाडी चालू करायची. आई हो म्हणाली.”

“त्यात काय उरलंय? उंदरांनी घर केलं असेल.”

“मग त्यांना नोटीस देऊ. तू गल्लीतल्या सगळ्यांची डबडी चालवून देतोस, भाचीचंच जड होतंय होय?”

फिटरनं ताईकडे बघितलं. ताई वाढता वाढता थांबली. “कर रे,” ती म्हणाली. “तिला त्यांचं दुसरं काही आठवत नाही. आणि दुसऱ्या कुणाचा हात त्या गाडीला लागलेला मला चालणार नाही.”

आता ‘नाही’ कुठल्या तोंडानं म्हणणार!

ताडपत्री ओढली तेव्हा धुळीनं दोघांचाही श्वास कोंडला. पुढचा फोर्क वाकलेला, दिवा फुटलेला, टाकीवर गंजाचे फोड, सीटचा काथ्या बाहेर. मागची बाजू मात्र शाबूत होती. पेडल आणि सळईचा जोड सायलेन्सरच्या आड, चिखल आणि ग्रीस मिळून झालेल्या दगडाखाली झाकला गेला होता. फिटर पुढच्या चाकाशी जाऊन बसला.

पहिले दोन महिने त्यानं पुढचंच काम केलं. फोर्क सरळ करून आणला. टाकी आतून धुतली. इंजिन उतरवलं, अडकलेला पिस्टन आठवडाभर तेलात भिजवून मोकळा केला. कार्बोरेटर तर तीनदा उघडला. भाची शेजारी बसून दात घासायच्या ब्रशनं नट घासायची.

“मामा, तुझी उलटीच तऱ्हा. चेहऱ्याला पावडर लावून झाली, पायात चप्पल नाही. मागे कधी येणार तू?”

“येतो, येतो. घाई काय आहे?”

“हे तू म्हणतोयस? अरे, बाकडं ऐकेल ना, बेशुद्ध पडेल!”

तो हसला आणि पुन्हा कार्बोरेटरवर वाकला. सकाळी देवापुढे उभं राहिलं की काय मागावं, हेही त्याला कळेना. पिन असू दे म्हणावं, तर जे असेल ते बावीस वर्षांपूर्वीच ठरून गेलेलं. झालेल्या गोष्टीसाठी कुणी साकडं घालतं का? तरी तो घालत होता.

शेवटी एका रविवारी भाचीला लॅबमध्ये ड्यूटी होती आणि तो खोलीत एकटाच होता. त्यानं सायलेन्सर उतरवला आणि पातळ पटाशीनं चिखल खरवडायला घेतला. सळई खाली लोंबत होती. आडवी पिन जागेवर नव्हतीच. धडकेत निखळली असेल, असं तो स्वतःशी मोठ्यानं म्हणाला. मग पेडलमागच्या ग्रीसमध्ये काहीतरी चमकलं. चिमट्यानं ओढलं तर वायर. तीन पीळ आणि टोक आत वळवलेलं. त्याच्या उस्तादानं शिकवलेला पीळ, गावात दुसरं कुणी तसा घालत नसे.

त्यानं ती रॉकेलमध्ये धुऊन उजेडात धरली. हिसक्यानं तुटलेल्या तारेचं टोक कसं दिसतं आणि घासून घासून तुटलेल्याचं कसं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. हे टोक सुईसारखं निमुळतं आणि गुळगुळीत झालेलं होतं. वायर आधीच झिजून तुटली होती, पिन हळूहळू सरकत बाहेर आली होती आणि उतारावर पेडल मोकळं खाली गेलं होतं.

नवी स्प्लिट पिन त्याच्या डब्यात होती. एक काय, शंभर होत्या. जोड साफ करून पिन घातली असती आणि वायर नाल्यात टाकली असती, तर या जगात कुणाला कळणार होतं? तो डब्याचं झाकण लावून उठला. मग हात पुसून स्वयंपाकघरात गेला आणि ताईसमोर ओट्यावर ती वायर ठेवली.

त्यानं सगळं सांगितलं. मधे थांबला नाही, रडलाही नाही. ताई पीठ मळत होती. तिचे हात पिठातच राहिले.

“म्हणजे वेगात नव्हते ते,” ती म्हणाली.

“नव्हते.”

“बावीस वर्षं मी त्यांना बोल लावले. फोटोसमोर उभी राहून भांडले मी. म्हटलं, पोरीचा तरी विचार करायचा होता, एवढी कसली घाई होती! आणि तू इथं बसून जेवत होतास.”

“ताई, मला नक्की ठाऊक नव्हतं गं.”

“कुलपाची किल्ली त्या खिळ्यावर टांगलेली होती. कधीही बघता आलं असतं तुला.”

ताईनं हात धुतले.

“पोरीला मी सांगेन. गाडी अर्धवट टाकू नकोस, पुरी कर. पण पुरी झाली की या घरी येऊ नकोस.”

तो पुढच्या रविवारी आला तेव्हा पाठीमागचं फाटक उघडं होतं आणि स्वयंपाकघराचं दार बंद. भाची आली, डोळे सुजलेले. तिनं ब्रश उचलला. त्यानं मागच्या ब्रेकला नवी पिन घातली, तेव्हा बॅटरी तिनं धरली.

काम उरलं ते किरकोळ होतं, दोन रविवारांचं. फिटरनं त्याला चार महिने लावले. बसवलेली चेन पुन्हा काढली. वायरिंगला खोट नसताना ते नव्यानं ओढलं. मागल्या रविवारी आवळलेले नट या रविवारी सैल करून परत आवळले. बंद दारापलीकडे भांड्यांचा आवाज यायचा, कधी ताईचा खोकला. तेवढं ऐकत तो काम करायचा.

एके दिवशी भाचीनं त्याच्या हातातला पाना धरला. “मामा, पुरे. झालीय गाडी. तीन महिन्यांपूर्वीच झालीय.”

“चाकात अजून थोडा वाक आहे.”

“नाहीये. मला दिसतं.” तिनं दुसऱ्या हातानं चाक फिरवून दाखवलं. “मला तुझा राग येतो आणि तू आला नाहीस तर वाट बघते मी. असं किती दिवस चालणार?”

त्यानं पाना खाली ठेवला. गाडी फाटकाबाहेर ढकलत नेली आणि किक मारली. तिसऱ्या किकला ती जड, संथ आवाजात चालू झाली. त्यानं गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारली, मागचा ब्रेक पाच वेळा लावून बघितला, परत येऊन इंजिन बंद केलं आणि किल्ली भाचीच्या हातात दिली.

इंजिनच्या आवाजानं ताई बाहेर आली असावी. चार महिन्यांत पहिल्यांदाच ती दारात उभी होती, केस पार पांढरे झालेले. तिनं गाडीकडे बघितलं नाही, त्याच्याकडे बघितलं.

“एकच सांग,” ती म्हणाली. “त्यांना कळलं असेल का रे? त्या वेळी?”

नाही म्हणणं सोपं होतं. भाचीचे डोळेही तेच विनवत होते. कळायला वेळच नव्हता ताई, एवढं म्हटलं असतं तर त्या बाईला रात्रीची झोप तरी लागली असती. पण तिच्याशी एकदा खोटं वागून झालं होतं.

“कळलं असेल,” फिटर म्हणाला. “पाय दाबला आणि पेडल मोकळं खाली गेलं की कळतंच. ट्रकपर्यंत पोचायला तीन-चार सेकंद तरी लागले असतील.”

ताईनं मान हलवली, जणू हे तिनं आधीच मोजून ठेवलं होतं. मग ती आत गेली आणि दार लागलं. फिटरनं पाने पिशवीत भरले, जमिनीवर सांडलेलं तेल फडक्यानं पुसलं आणि फाटक ओढून घेऊन तो चालू लागला.